बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, तीन महिने वापरून झाल्यावर

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉपवर टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे बरेच प्रकार आहेत आणि मिंट त्यातला एक. आधीच सांगते, ज्यांना कंप्युटरमधलं खूप कळतं त्यांना यात नवीन काही मिळणार नाही. हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या घरी आईबाबा किंवा सासूसासरे किंवा एखादे काका जुन्या लॅपटॉपवर विंडोज टेन वापरतायत, त्यावर मध्येमध्ये सपोर्ट संपल्याचा मेसेज येतो, ते घाबरतात आणि आपण ऑफिसात असताना भरदुपारी फोन येतो की अगं स्क्रीनवर काहीतरी आलंय, ओके दाबू का.

आमच्याकडे तो फोन ऑक्टोबरात आला. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवून एक वर्ष सिक्युरिटी अपडेट वाढवून घेता येतात, पण मग पुढच्या ऑक्टोबरात परत तेच. आणि बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, चार जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, त्यामुळे तो मार्ग बंदच. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवला तर त्यानं झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, मॅडम नवीन घ्या, पंचेचाळीस हजारात चांगला मिळेल, याच्यात काय ठेवलंय.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "अगं पैशाचं नाही गं. नवीन आला की सगळं परत शिकायला लागतं. माझं हे हाताला बसलंय."

हे "हाताला बसलंय" मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. आता तीन महिन्यांनी वाटतं की सगळा रिव्ह्यू त्या एका वाक्यातच आहे.

बाबा म्हणजे कोण ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. वय ७०, म्युनिसिपालटीत क्लार्क म्हणून नोकरी करून रिटायर झालेले, मुलुंड पूर्वेला आमची २८ फ्लॅटची सोसायटी आहे तिचे गेली अकरा वर्षं सेक्रेटरी. मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पार्किंग, भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, हे सगळं त्यांनी स्वतः बनवलेल्या एक्सेलच्या शीटमध्ये. पाण्याच्या टाकीची सफाई असो की एजीएम असो, नोटीस मराठीतच निघणार आणि ती तेच टाइप करणार. म्हणजे हा माणूस कंप्युटरला घाबरणारा नाही, रोज दोन-तीन तास त्यावर काम करणारा आहे. फक्त त्यांचं काम त्यांच्या पद्धतीनं चालतं आणि ती पद्धत वीस वर्षांत बसलेली आहे.

आणि एक जुना किस्सा आहे जो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१८ मध्ये लॅपटॉप स्लो झाला म्हणून मी मोठ्या उत्साहानं त्यावर एक दुसरं लिनक्स टाकून दिलं होतं, नाव नको. दिसायला फार सुंदर होतं ते. डाव्या बाजूला आयकॉनची उभी पट्टी, स्टार्ट बटण नाही, खिडकी मोठी केली की मेन्यू वर कुठेतरी नाहीसा व्हायचा आणि बंद करायची फुली उजवीऐवजी डाव्या कोपऱ्यात. बाबांनी डायरी काढली (त्यांची एक लांबट डायरी आहे, त्यात पासवर्डपासून गॅसच्या नंबरपर्यंत सगळं असतं) आणि मी सांगत गेले ते चार पानं लिहून घेतलं. एक, दोन, तीन असे नंबर घालून, कुठे दाबायचं, मग काय येतं, मग कुठे दाबायचं. पाचव्या दिवशी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला आणि बिलं हातानं लिहायला बसले. मी चिडले होते तेव्हा, तोंडावर बोलले सुद्धा की तुम्हाला नवीन शिकायचंच नसतं. ते काही बोलले नाहीत. शेवटी विंडोज परत टाकून दिलं. ते मला आजही लागतं, कारण चूक माझी होती. शिकायची तयारी नसलेला माणूस चार पानं लिहून घेत नाही.

म्हणून या वेळी मी उलटी सुरुवात केली. कुठलं लिनक्स भारी आहे ते बघायचं नाही, बाबांचा हात कुठे कुठे जातो ते आधी बघायचं असं ठरवलं. एक अख्खी रविवार सकाळ त्यांच्या शेजारी नुसती बसले, चहा पीत. काय दिसलं सांगू का, ते स्क्रीनकडे बघून काही शोधतच नाहीत. माउस सरळ डाव्या खालच्या कोपऱ्यात जातो. वेळ बघायची तर नजर उजवीकडे खाली. फाईल बंद करायची तर उजवा वरचा कोपरा. दोन फाईली उघड्या असतील तर खालच्या पट्टीवर. डोळे असतात वहीतल्या मीटर रीडिंगवर आणि हात आपला आपला जातो.

मग शोधत शोधत लिनक्स मिंटवर आले, त्यातलं सिनॅमन नावाचं डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी, असलेलं.

मिंटबद्दल थोडं सांगते कारण मला त्याचा इतिहास वाचून फार बरं वाटलं. हे २००६ पासून आहे, क्लेमंट लफेव्र नावाच्या माणसानं सुरू केलं, फुकट आहे, देणग्यांवर आणि स्पॉन्सरवर चालतं. २०११ च्या सुमारास लिनक्सच्या जगात एक मोठा बदल झाला, ग्नोम नावाचं जे सगळ्यात चालणारं डेस्कटॉप होतं त्याची तिसरी आवृत्ती आली आणि त्यात खालची पट्टी, मेन्यू, सगळं जुनं काढून नवीनच रचना आणली. बऱ्याच लोकांना ती झेपली नाही. मिंटवाल्यांनी तेव्हा ठरवलं की आमच्या लोकांना जे सवयीचं आहे ते आम्ही तसंच ठेवणार, आतलं इंजिन नवं झालं तरी चालेल, आणि त्यातून सिनॅमन आलं. आणि गंमत बघा, त्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टनं पण ग्नोमसारखंच केलं, २०१२ च्या विंडोज एटमध्ये स्टार्ट बटण काढून टाकलं, जे १९९५ पासून त्या कोपऱ्यात होतं. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०१३ ला ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं आणि पूर्ण मेन्यू २०१५ ला विंडोज टेनमध्ये. आता इलेव्हनमध्ये ते बटण सुरुवातीला पट्टीच्या मध्यभागी येतं, सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे नेता येतं पण ते ज्याला माहिती आहे त्यालाच. म्हणजे विंडोज टेनची सवय असलेल्या माणसाला आज विंडोज इलेव्हनपेक्षा मिंट जास्त ओळखीचं वाटतं! हे मला करून बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

बरं, प्रत्यक्ष काय केलं ते.

मिंटची आयएसओ फाईल (म्हणजे अख्खी सिस्टीम एकाच फाईलमध्ये) उतरवली, तीन जीबीच्या आसपास आहे, पेन ड्राइव्हवर चढवली. मिंटची (आणि बऱ्याच लिनक्सची) सगळ्यात मोठी सोय ही की इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालू करून बघता येतं, लॅपटॉपमधल्या एकाही फाईलला धक्का लागत नाही. याला लाईव्ह मोड म्हणतात. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी चालू करून दिलं आणि बाबांना स्पष्ट सांगितलं की हे विंडोज नाही, वेगळं आहे, नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढायचा की तुमचं जुनं परत. फसवून काही द्यायचं नव्हतं मला. काही शिकवलं मात्र नाही, शेजारी बसले आणि गप्प राहिले.

चष्मा लावला, स्क्रीन बघितली, "हिरवं आहे का हे सगळं" म्हणाले. आणि हात गेला डाव्या खालच्या कोपऱ्यात. तिथे मेन्यूचं बटण होतं. दाबलं, मेन्यू वर उघडला, त्यात प्रोग्रामची यादी, वर शोधायची पट्टी, कोपऱ्यात बंद करायचं बटण. दोन मिनिटं इकडेतिकडे केलं, फोल्डर उघडलं, उजव्या कोपऱ्यातली फुली दाबून बंद केलं, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आईला सांग, जेवायला थोडा वेळ आहे."

डायरी मागितली नाही.

खरं सांगते, घशाशी आलं माझ्या.

दोन संध्याकाळी असंच लाईव्ह वापरू दिलं. प्रिंटर त्याच वेळी लावून बघितला, आमचा वायफायवर आपोआप सापडला, पण तुमचा सापडेलच असं नाही म्हणून इन्स्टॉल करायच्या आधी लाईव्ह मोडमध्येच एक पान छापून बघा, स्कॅन पण करून बघा. मग भाऊबीजेच्या दिवशी, सगळं सामान बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन, पक्कं इन्स्टॉल केलं. जोडीला जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) टाकली आणि रॅम आठ जीबी केली, दोन्ही मिळून साडेचार हजार गेले. मिंटला तसे दोन जीबीही चालतात आणि चार असावेत असं ते म्हणतात, पण ब्राउझरच आजकाल एवढी रॅम खातो की आठ असलेले बरे. वेगातला जो फरक आहे तो अर्धा एसएसडीचा आहे, सगळं श्रेय मिंटला देणार नाही.

आता एक काम, जे मला वाटतं कुणी सांगत नाही. विंडोज पुसायच्या आधी मी बाबांच्या डेस्कटॉपचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. नंतर मिंटवर तोच वॉलपेपर लावला (आमच्या गावच्या देवळाचा फोटो आहे), आयकॉन आपोआप ओळीत लागतात ते बंद केलं आणि 'सोसायटी बिल', 'नोटीस', 'बँक' ही फोल्डरं फोटोत बघून जिथल्या तिथे नेऊन ठेवली. कचऱ्याची टोपली डेस्कटॉपवर नव्हती ती सेटिंगमधून आणली. क्रोम टाकून दिला कारण त्यांना तोच गोल रंगीत आयकॉन ओळखीचा, खरं तर फायरफॉक्स आधीपासून येतो आणि चांगला चालतो. सुरुवातीला जी वेलकमची खिडकी येते तिच्यात डेस्कटॉप लेआउटचा पर्याय आहे, मॉडर्न आणि ट्रॅडिशनल. ट्रॅडिशनल निवडा डोळे झाकून. त्यात खालच्या पट्टीवर नुसता आयकॉन येत नाही, फाईलचं नावही लिहिलेलं दिसतं. बाबांच्या एका वेळी पाच फाईली उघड्या असतात आणि पाच सारख्या आयकॉनमधून बिल कुठलं आणि लेजर कुठलं हे ओळखत बसणं म्हणजे सत्तरीच्या डोळ्यांना शिक्षा.

एक्सेल, वर्ड यात नाही. त्यांच्या जागी लिब्रेऑफिस आधीपासून येतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते जुन्या पद्धतीच्या मेन्यू आणि टूलबारचं दिसलं आणि बाबा थांबले, कारण त्यांची सवय वरच्या रिबनची, होम, इन्सर्ट अशा टॅबची, जी मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये २००७ पासून आहे. तर लिब्रेऑफिसमध्ये व्ह्यू मेन्यूत युझर इंटरफेस म्हणून आहे, तिथे टॅब्ड निवडलं की वर साधारण तसेच टॅब येतात. एका क्लिकचं काम आहे पण त्या एका क्लिकनं बाबा परत बिलं करायला लागले. शीटमधली सूत्रं सगळी चालली, नॉन-ऑक्युपन्सीचं दहा टक्क्यांचं गणित मी मुद्दाम कॅल्क्युलेटरवर तपासलं, पैसा इकडचा तिकडे झालेला नाही.

आता मुख्य गोष्ट, मराठी टायपिंग. याच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे.

बाबा मराठी टायपिंग टाइपरायटरवर शिकले. नोकरीच्या आधी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन मराठी तीस शब्द मिनिटाची परीक्षा दिलेली, गोदरेजच्या मशीनवर. (गोदरेजनं १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, आता तो इतिहासजमा झाला.) त्या मशीनचा कीबोर्ड म्हणजे रेमिंग्टन पद्धतीचा, त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, अर्धी अक्षरं वेगळ्या कळांवर, काना वेगळा. आता सरकारी स्टँडर्ड इन्स्क्रिप्ट आहे, ते शास्त्रशुद्ध आहे हेही मान्य, आणि आपण बहुतेक लोक फोनेटिकवर, केएएमएएल कमल असं टाइप करतो. पण बाबांच्या बोटांना दोन्ही येत नाही. त्यांना मी दोनदा फोनेटिक शिकवून बघितलं होतं. 'सभासद' लिहायला इंग्रजी अक्षरं शोधत बसायची हे त्यांना अपमानास्पद वाटायचं, बोलून दाखवलं नाही तरी दिसायचं.

मिंटमध्ये इनपुट मेथड म्हणून सेटिंग आहे, त्यात आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकलं की मराठीच्या खाली इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आपलं गमभन आणि रेमिंग्टन असे पर्याय येतात. रेमिंग्टन लावून दिलं, लेखनासाठी लिब्रेऑफिसमधलं रायटर उघडलं आणि म्हटलं, बाबा टाइप करून बघा जरा. त्यांनी विचारलं कुठलं आहे, म्हटलं तुमचं. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, बोटं जागेवर आहेत का ते न बघता चाचपली, आणि खिडकीबाहेर बघत एका दमात टाइप केलं, "सर्व सभासदांना कळविण्यात येते की". मग स्क्रीनकडे बघितलं. जसंच्या तसं होतं. काही जोडाक्षरांना नंतर अडखळले, कागदावरचं मशीन आणि युनिकोड (कंप्युटरवर मराठी साठवायची आताची पद्धत) यात थोडा फरक पडतोच, आठवडाभर सराव लागला. पण ती पहिली ओळ मी विसरणार नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट २०२५ मध्ये मशीननं ऐकली.

नवीन कीबोर्ड लेआउट हजार चांगले असतील हो. पण माणसाच्या बोटांत जे आधीच आहे त्याला जागा ठेवणं हे डिझाइनच आहे, आणि फार मोठं आहे.

जुन्या नोटिसा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये होत्या, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या, उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. बाबांकडचे फॉन्ट डबल क्लिक करून इन्स्टॉल केले, खिचडी गेली.

भाषेवरून मला आणखी एक गोष्ट कळली. मी आधी अतिउत्साहानं लिब्रेऑफिसचा मेन्यूच मराठीत करून ठेवला होता, मराठी माणूस, मराठी काम, मराठी मेन्यू, याहून सोयीचं काय! तर बाबा हरवले. कारण कंप्युटरवरचं 'सेव्ह', 'प्रिंट', 'कॉपी-पेस्ट' हे त्यांच्यासाठी इंग्रजी शब्द नाहीतच, ती त्या बटणांची नावं आहेत. मेन्यू परत इंग्रजी केला. मला वाईट वाटलं, मराठी मेन्यू असायलाच हवेत आणि नव्याने शिकणाऱ्याला तेच द्यावेत असं माझं मत आजही आहे, पण ओळखीचं म्हणजे मातृभाषेतलं असं आपण गृहीत धरतो ते नेहमी खरं नसतं. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे ते ओळखीचं. तसं बघितलं तर फाईल, फोल्डर, डेस्कटॉप हे शब्दच ऑफिसमधून उचललेले आहेत, १९८१ मध्ये झेरॉक्सनं स्टार नावाचा कंप्युटर काढला त्याच्या स्क्रीनवर कागद आणि फोल्डरची चित्रं मुद्दाम ठेवली होती, टेबलावर काम करणाऱ्या माणसाला कळावं म्हणून. म्युनिसिपालटीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला फाईल फोल्डरमध्ये घालायची हे शिकवावं लागलं नाही ते त्यामुळेच.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा, कारण मला इथे धक्का बसला.

सारखं दिसतं म्हणून सारखंच असेल असं वाटतं आणि जिथे ते वेगळं निघतं तिथे माणूस जास्त गोंधळतो. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन, "सी ड्राइव्ह कुठे गेला?" लिनक्समध्ये सी, डी असं काही नसतं, होम म्हणून फोल्डर असतं त्यात सगळं. सांगितल्यावर कळलं पण चेहरा पडला होता. मग एकदा पेन ड्राइव्हवरून कुणीतरी दिलेली डॉट ईएक्सई फाईल डबल क्लिक करत बसले, ती विंडोजसाठीची, इथे चालत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ऑडिटरला शीट पाठवायची होती, सेव्ह करताना एक खिडकी आली की कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू, बाबांनी ओडीएफवर (लिब्रेऑफिसचा नेहमीचा फॉरमॅट) क्लिक केलं आणि फाईल मेल केली, ऑडिटरच्या मोबाईलवर ती उघडेना, ऐन शेवटच्या दिवशी. ही माझी चूक. ऑप्शनमध्ये लोड/सेव्हच्या खाली नेहमी एक्सेलच्या आणि वर्डच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह कर असं एकदा सांगून ठेवता येतं, ते मी करायला हवं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी करा. बाबांना त्या दिवशी ऑडिटरसमोर कसंतरी झालं, सोसायटीच्या कामात त्यांना असं चालत नाही.

म्हणून मी आता अशा जागांची यादी करून ठेवलीय जिथे दिसणं सारखं पण वागणं वेगळं, आणि तेवढंच आधी बसून सांगते. बाकी काही शिकवत नाही.

अपडेटचं मात्र फार चांगलं आहे. उजवीकडे खाली ढालीसारखा छोटा आयकॉन असतो, अपडेट आलं की त्यावर टिंब येतं, तुमच्या सवडीनं दाबा, पासवर्ड टाका, झालं. बिलं छापताना मध्येच रीस्टार्ट व्हायला लागतो असं झालेलं नाही. टाइमशिफ्ट नावाचं एक आहे ते पण लावून ठेवा, काही बिघडलं तर सिस्टीम आधीच्या दिवसावर परत नेता येते.

कुणी घेऊ नये तेही सांगते. टॅली वापरत असाल तर नको, ते यावर थेट चालत नाही. खरं एक्सेलच हवं, मोठे मॅक्रो वगैरे आहेत, तर नको; ब्राउझरमधलं ऑफिस चालतं पण ते पुरणार नाही. सह्यांसाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन लागत असेल तर लाईव्ह मोडमध्ये तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि घरात फोन उचलणारं कुणी नसेल तरीही विचार करा, इन्स्टॉल करायला आणि पहिला महिना सांभाळायला एक माणूस लागतो.

झोरिन नावाचं लिनक्स पण बघितलं होतं मी, डब्लिनच्या दोन भावांचं, २००९ ला पहिल्यांदा आलेलं, विंडोजवरून येणाऱ्यांसाठीच आहे आणि त्यात डेस्कटॉपची मांडणी एका क्लिकवर बदलता येते. दिसायला मिंटपेक्षा छानच आहे. ज्यांच्या घरी माणूस जरा तरुण आहे त्यांनी ते बघावं. मला मिंटचा साधेपणा जवळचा वाटला एवढंच.

हे सगळं झाल्यापासून मला मुंबईत जिकडेतिकडे हेच दिसायला लागलंय. एलईडी बल्ब आला तो आपल्या जुन्या पिन होल्डरलाच बसला म्हणून तर घरोघर गेला, वायरमन बोलवावा लागला असता तर आईनं पिवळा बल्बच ठेवला असता. बेस्टची इलेक्ट्रिक डबलडेकर २०२३ ला आली, आत बॅटरी, एसी, सगळं नवं, पण मजले दोनच, लाल रंग तोच, वर जायला जिना आहेच, आणि गेटवेच्या बाजूला आजीआजोबा नातवंडांना घेऊन वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला धावतात, बॅटरीची चौकशी कुणी करत नाही. आणि आई, जिनं मेट्रोचं ॲप कधी उतरवून घेतलं नाही, ती घाटकोपरहून अंधेरीला जाताना व्हॉट्सॲपवर 'हाय' पाठवून तिकीट काढते. तिला विचारलं कसं जमलं तर म्हणाली, "त्यात काय जमायचं, तुला मेसेज करते तसाच तर करायचा."

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क त्या ऑडिटरच्या दिवसाचा, तो मिंटचा नसून माझा आहे, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून कापलाय.

मागच्या आठवड्यात खजिनदार काका घरी आले होते, त्यांचाही लॅपटॉप आमच्यासारखाच जुना. बाबांनी त्यांना शेजारी खुर्ची दिली, स्वतः एक शब्द न बोलता माउस त्यांच्या हातात दिला आणि बघत राहिले. काकांचा हात डाव्या खालच्या कोपऱ्यात गेला. पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन काकांकडे जायचंय, लाईव्ह मोडमध्ये प्रिंटर बघायला.

आणि आम्ही टाकलेलं मिंट २०२९ पर्यंत अपडेट मिळणारं आहे हे सांगितलं तेव्हा बाबांनी डायरी काढली. मी डोकावून बघितलं. २०१८ ची ती चार पानं अजून आहेत, त्यांवर पट्टीनं आडवी रेघ मारलेली. पुढच्या कोऱ्या पानावर 'मिंट' लिहून खाली तीन ओळी आहेत. पासवर्ड. २०२९ पर्यंत. सी ड्राइव्ह म्हणजे होम.